इंजिनाची वेळ आणि इंधनाचा अंक

सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढताना एखाद्या जुन्या मोटारीच्या इंजिनातून चमत्कारिक आवाज येऊ लागतो. पत्र्याच्या डब्यात मूठभर खिळे घालून कोणी तो खुळखुळवावा, तसा तो आवाज असतो. चालकाने खालचा गिअर टाकला की आवाज थांबतो. वरच्याच गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर अधिक दाबला की तो वाढतो. गाडीत बसलेले लोक म्हणतात, टॅपेट सैल झाले असतील. घाटमाथ्यावर पोचल्यावर आवाज नाहीसा होतो आणि बहुधा सर्वजण तो विसरूनही जातात. परंतु इंजिनाला जर वाचा असती, तर त्याने एवढेच सांगितले असते की, जे पेट्रोल मला पाजले आहे, ते मला सोसत नाही.

या आवाजाला कारागीर 'नॉकिंग' म्हणतात. मूळ कारखान्यातून आलेल्या गाडीत तो क्वचित होतो. पण ज्या हौशी माणसाने आपल्या गाडीची ताकद वाढविण्यासाठी इंजिनात फेरफार केले आहेत, त्याच्या गाडीत तो हमखास डोकावतो. अशा माणसापुढे दोन प्रश्न असतात. पहिला, नवा कॅमशाफ्ट बसविताना त्याची वेळ कशी जुळवावी? आणि दुसरा, आता कोणत्या ऑक्टेनचे पेट्रोल घालावे? पहिला प्रश्न तो मेस्त्रीला विचारतो आणि दुसरा पंपावरच्या माणसाला. वस्तुतः हे दोन प्रश्न नव्हेत. एकाच प्रश्नाच्या त्या दोन बाजू आहेत. त्या वेगळ्या मानल्या गेल्यामुळेच कित्येक चांगली इंजिने अकाली निकामी झाली आहेत.

पेट्रोल इंजिनाचे काम चार टप्प्यांत चालते. दट्ट्या खाली येताना हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढले जाते. वर जाताना ते दाबले जाते. मग ठिणगी पडून ते पेटते आणि दट्ट्याला खाली ढकलते. शेवटी वर येणारा दट्ट्या जळालेला वायू बाहेर लोटतो. या चार टप्प्यांत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात, तर झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एकच. कॅमशाफ्ट म्हणजे अंड्याच्या आकाराचे उंचवटे असलेला दांडा. उंचवटा आला की झडप उघडते, सरला की स्प्रिंगच्या जोराने मिटते. केव्हा उघडावे आणि केव्हा मिटावे, हे त्या उंचवट्यांच्या घडणीत कायमचे कोरलेले असते.

वरवर पाहता असे वाटेल की, दट्ट्या वरच्या टोकाला असताना प्रवेश-झडप उघडावी आणि तो खालच्या टोकाला पोचताच ती मिटावी. तसे मात्र केले जात नाही. मिनिटाला ३००० फेरे घेणारा क्रँकशाफ्ट सेकंदाच्या हजाराव्या भागात १८ अंश फिरतो. म्हणजे दट्ट्याचा एक अख्खा उतार सेकंदाच्या शंभराव्या भागात संपतो. एवढ्या अवकाशात वायूला स्थिरावण्यासही वेळ नसतो. एखाद्या शाळेत तास बदलताना एका वर्गाची मुले बाहेर पडत असतात आणि दुसऱ्या वर्गाची दाराशी उभी असतात. घंटेच्या पहिल्या ठोक्याला दार उघडून दुसऱ्या ठोक्याला ते लावून घेतले, तर निम्मी मुले व्हरांड्यातच राहतील. शहाणा शिपाई दार थोडे आधी उघडतो आणि थोडे उशिरा लावतो. इंजिन बनविणाऱ्यांनी हेच केले. साध्या प्रवासी मोटारीत प्रवेश-झडप दट्ट्या वरच्या टोकाला पोचण्यापूर्वी सुमारे १० अंश उघडते आणि खालचे टोक सोडल्यानंतर सुमारे ५० अंशांनी मिटते. दट्ट्या वर चढू लागला तरी वेगाने येणारे मिश्रण आपल्याच ओघाने आत घुसत राहते.

शर्यतीच्या गाडीत हा अवकाश आणखी वाढवितात. तेथील प्रवेश-झडप खालच्या टोकानंतर ७० अंशांपर्यंत, कधी त्याहूनही पुढे उघडी असते. इंजिन मिनिटाला सहासात हजार फेरे घेत असेल, तर या उशिराचा लाभ मिळतो. परंतु बाजारातून वीस किलोमीटरच्या वेगाने जाताना तीच उघडी झडप वैरीण होते. दाराशी धावत येणारी मुले नाहीत, रमतगमत येणारी आहेत. तेव्हा उशिरापर्यंत उघड्या राहिलेल्या दारातून आत आलेलीच काही परत बाहेर पडतात. वर चढणारा दट्ट्या मिश्रणाचा काही भाग आल्या वाटेने मागे ढकलतो. इंजिन उभ्या जागी धडधडते, थांबू पाहते, चढावर मलूल होते. शर्यतीचा कॅम घरच्या गाडीत बसवून पस्तावलेल्या माणसाची कथा बहुधा येथेच सुरू होते.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. मिश्रण जितके अधिक दाबावे, तितकी त्याच इंधनातून अधिक शक्ती मिळते. दट्ट्या खाली असतानाची पोकळी आणि वर असतानाची पोकळी यांचे जे गुणोत्तर, त्याला दाबाचे प्रमाण म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी ते चारपाचाच्या आसपास असे. आज कारखान्यातून निघणाऱ्या मोटारींत ते दहा-अकराच्या घरात असते. ते हवे तितके वाढविता आले असते, तर प्रश्नच नव्हता. परंतु त्याला नॉकिंगची लक्ष्मणरेषा आहे.

ठिणगी पडली की ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकते, वाळलेल्या गवताला वणवा लागावा तशी. ज्योतीपुढे जे मिश्रण अजून जळायचे असते, ते मागून वाढणाऱ्या दाबाने अधिकाधिक तापत जाते. त्याची सहनशक्ती संपली, तर ज्योत पोचण्यापूर्वीच ते स्वतः होऊन एकदम पेट घेते. त्या क्षणी दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर सेकंदाला काही हजार वेळा आदळते आणि तोच तो खिळ्यांचा खुळखुळाट होय. आवाजाने बिघडत काही नाही. बिघडते ते उष्णतेने. सिलिंडरच्या भिंतीलगत आणि दट्ट्याच्या माथ्यावर स्थिर वायूचा जो पातळ थर संरक्षण करीत असतो, तो या लाटांनी फाटून जातो. मग दट्ट्याची कड वितळते, रिंगांमधली धार तुटते, हेडचे गॅस्केट फुटते. कधी तर दट्ट्याला आरपार भोक पडते.

या व्याधीचे निदान होण्यास बराच काळ लागला. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, असे एक प्रयोगाचे इंजिन बांधले की, ते चालू असतानाच त्याच्या दाबाचे प्रमाण कमी-अधिक करता येई. निरनिराळी पेट्रोले त्यात जाळून कोणते किती दाब सोसते, याचे मोजमाप त्यांनी केले. शक्तीला आवर घालणारी वस्तू इंजिन नसून इंधन आहे, हे त्यातून सिद्ध झाले. त्याच सुमारास अमेरिकेत डेटन येथे चार्ल्स केटरिंग आणि त्यांचे सहकारी टॉमस मिजली हे या दुखण्यावरचे औषध शोधत होते. मिजलींची प्रथम अशी समजूत होती की, पेट्रोलला लाल रंग दिला तर ते उष्णता लवकर शोषून घेईल. हाताशी रंग नव्हता म्हणून त्यांनी आयोडीन टाकले आणि नॉकिंग कमी झाले. पुढे खरे रंग टाकून पाहिले, तर काहीच परिणाम नाही! कल्पना चुकीची होती, पण चुकीच्या कल्पनेने बरोबर दार ठोठावले गेले. शेकडो पदार्थ तपासल्यावर ९ डिसेंबर १९२१ रोजी त्यांना टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे एक संयुग, सापडले. ते अत्यल्प प्रमाणात घातले तरी आवाज बंद होई. १९२३ च्या फेब्रुवारीत डेटनमध्ये असे पेट्रोल विकले जाऊ लागले.

ही गोष्ट येथे संपली असती तर ती विज्ञानाच्या विजयाची गोष्ट ठरली असती. परंतु १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात हे संयुग तयार करणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले आणि आणखी कित्येकांना इस्पितळात ठेवावे लागले. शिसे हे विष आहे, ही गोष्ट त्या काळीही अज्ञात नव्हती. ॲलिस हॅमिल्टन या विदुषी डॉक्टरीणबाईंनी त्याविरुद्ध आवाज उठविला होता. स्वतः मिजलींनाही शिशाची बाधा होऊन काही काळ विश्रांती घ्यावी लागली होती. तरीदेखील त्यांनी ३० ऑक्टोबर १९२४ रोजी वार्ताहरांपुढे त्या द्रवाने हात धुऊन दाखविले! विशेष हे की, अल्कोहोल मिसळल्यानेही नॉकिंग थांबते, हे केटरिंग आणि मिजली या दोघांनाही ठाऊक होते. पण शिसे चिमूटभर पुरे आणि त्याचे पेटंट हाती. अल्कोहोल मात्र ओंजळभर लागे आणि ते कोणालाही गाळता येई. व्यवहाराने शिशाला कौल दिला.

पुढची साठसत्तर वर्षे जगभरच्या रस्त्यांवर मोटारींच्या धुरातून शिसे उडत राहिले आणि रस्त्यालगत खेळणाऱ्या मुलांच्या रक्तात साठत राहिले. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसे घातक असते आणि त्याची 'सुरक्षित' अशी मात्रा आढळलेली नाही. अमेरिकेतील भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९६५ साली मानवी शरीरातील शिसे नैसर्गिक प्रमाणाच्या किती पलीकडे गेले आहे, हे दाखवून दिले, तेव्हा कोठे विचाराला दिशा लागली. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेरहित पेट्रोल आले. आणि २०२१ च्या जुलैत अल्जीरियाने विक्री थांबविल्यावर रस्त्यावरच्या वाहनांसाठीचे शिसेयुक्त पेट्रोल जगातून संपले. एका आवाजावरचे औषध मागे घेण्यास मनुष्यजातीला सुमारे शंभर वर्षे लागली.

इंधनाची ही सहनशक्ती मोजण्याचे माप म्हणजेच ऑक्टेन अंक. १९२६ च्या सुमारास ग्रॅहम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने ते सुचविले. आयसो-ऑक्टेन नावाचा द्रव फार दाब सोसतो. त्याला १०० गुण. हेप्टेन मुळीच सोसत नाही, त्याला शून्य. एखादे पेट्रोल ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतके सोसत असेल, तर त्याचा अंक ९१. ही परीक्षा दोन पद्धतींनी घेतात. एकीत प्रयोगाचे इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांनी चालते, दुसरीत ९०० फेऱ्यांनी आणि अधिक तापलेल्या मिश्रणावर. पहिलीतून निघणारा 'रिसर्च' अंक भारतात आणि युरोपात पंपावर सांगतात; अमेरिकेत दोन्ही अंकांची सरासरी लिहितात. म्हणून तिकडचे ८७ आणि इकडचे ९१ हे जवळपास सारखेच. परदेशी पुस्तकातला अंक वाचून येथे पेट्रोल निवडणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये.

ऑक्टेन अंकाविषयी एक गैरसमज फार खोल रुजलेला आहे. अधिक अंकाचे पेट्रोल म्हणजे अधिक जोराचे पेट्रोल, असे लोक समजतात. हा अंक शक्तीचा नसून सहनशीलतेचा आहे. वर्गात न चिडता बसणारा विद्यार्थी हुशारच असतो असे नाही. १९४० साली ब्रिटिश लढाऊ विमानांना ८७ ऐवजी १०० अंकाचे पेट्रोल मिळाले आणि त्यांचा जोर वाढला, हे खरे. पण तो जोर पेट्रोलने आपण होऊन दिला नाही. त्या पेट्रोलने मर्लिन इंजिनात हवा अधिक दाबाने कोंबण्याची मोकळीक दिली. ज्या मोटारीत असा काहीच फेरफार नाही, नॉकिंग ओळखून ठिणगीची वेळ आपोआप बदलणारे यंत्रही नाही, तिला शंभर अंकाचे पेट्रोल पाजणे म्हणजे पैसे धुरात घालविणे होय.

आता दोन्ही धागे एकत्र आणू आणि त्यासाठी ओळखीचे एक इंजिन घेऊ. मूळच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी ही गाडी बाहेर पडली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिला सर्व देश ओळखे. २०२३ च्या ऑक्टोबरात ती टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. तरीही हौशी लोकांनी जपलेल्या अशा गाड्या अनेक गावांत आहेत. तिच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर आणि चार सिलिंडर मिळून १०८९ घन सेंटिमीटर. म्हणजे एका सिलिंडरच्या वाट्याला सुमारे २७२.

समजा, मालकाला दाबाचे प्रमाण ८ वरून ९ करावयाचे आहे. आठाला वरची पोकळी ३८.९ घन सेंटिमीटर लागते, नवाला ३४. फरक पाच घन सेंटिमीटरांहूनही कमी. हेड यंत्रावर सुमारे दीड मिलिमीटर घासले की काम झाले. लाभ किती? पुस्तकी सूत्राप्रमाणे कार्यक्षमता अवघी साडेतीन टक्क्यांनी वाढते. मात्र या साडेतीन टक्क्यांसाठी नॉकिंगची लक्ष्मणरेषा किती जवळ आली, हे हिशेबाने पाहिले पाहिजे.

खरे म्हणजे प्रवेश-झडप मिटेपर्यंत दाब सुरूच होत नाही. झडप उघडी असताना वर चढणारा दट्ट्या कोणाला दाबणार? तेव्हा खरे दाबाचे प्रमाण झडप मिटल्यापासून मोजले पाहिजे. कनेक्टिंग रॉडची लांबी धावेच्या १.८ पट धरली, तर खालच्या टोकानंतर ५० अंशांवर मिटणाऱ्या झडपेपुढे दट्ट्याची ८६ टक्के धाव शिल्लक असते. ७० अंशांवर मिटणाऱ्या झडपेपुढे केवळ ७३ टक्के. यावरून कागदावरचे ८ प्रमाण साध्या कॅमबरोबर प्रत्यक्षात ७ ठरते. कागदावरचे ९ साध्या कॅमबरोबर ७.९ होते आणि नॉकिंग सुरू होण्याची भीती येथेच आहे. तेच ९ लांब वेळेच्या कॅमबरोबर ६.९, म्हणजे जवळजवळ मूळच्या इतकेच! आणि हेड न घासता केवळ लांब कॅम बसविला, तर ८ चे उरतात ६.१, गाडी चढावर दम तोडते. एका बाजूने दाब वाढविला तर दुसऱ्या बाजूने झडपेची वेळ लांबवावी लागते. एकट्याने केलेली कोणतीही दुरुस्ती ही दुरुस्ती नसून नवा बिघाड होय. हे अंक मंद गतीचे आहेत, हेही ध्यानात ठेवावे; वेग वाढला की ओघाने आत घुसणारे मिश्रण पुन्हा पोकळी भरून काढते आणि दाब कागदावरच्या अंकाकडे झुकू लागतो.

कॅमशाफ्ट नुसता पुढेमागे सरकविण्याचाही असाच परिणाम होतो. तो तीनचार अंश अलीकडे आणला की प्रवेश-झडप लवकर मिटते. मंद गतीला जोर वाढतो, पण नॉकिंगची प्रवृत्तीही वाढते. पलीकडे नेला की वरच्या फेऱ्यांना जोर चढतो आणि खालच्या गतीचा उतरतो. ज्याला घाटातून कुटुंब न्यावयाचे आहे, त्याने कोणती बाजू घ्यावी हे सांगावयास नको.

हे काम डोळ्यांच्या अंदाजाने करता येत नाही. टायमिंग चेनच्या चक्रावर ३६ दाते असले, तर एक दाता चुकणे म्हणजे कॅमशाफ्टचे १० आणि क्रँकशाफ्टचे २० अंश चुकणे होय. क्रँकशाफ्टच्या तोंडावर ३६० अंशांची तबकडी बसवावी आणि तारेचा एक काटा इंजिनाला पक्का बांधावा. दट्ट्या वरच्या टोकाला क्षणभर थबकल्यासारखा असतो, म्हणून ते टोक नुसते पाहून सापडत नाही. प्लगच्या भोकातून एक अडसर बसवून इंजिन हाताने हळूहळू दोन्ही दिशांनी फिरवावे. अडसराला दट्ट्या टेकतो ते दोन्ही अंश लिहावेत आणि त्यांचा मध्य घ्यावा. तोच वरच्या टोकाचा खरा बिंदू. मग प्रवेश-झडपेच्या टॅपेटवर डायल गेज लावून झडप पूर्ण उघडण्यापूर्वी एक मिलिमीटर आणि त्यानंतर एक मिलिमीटर, अशा दोन जागांचे अंश घ्यावेत. समजा ते ६८ आणि १४८ आले. बेरजेचे निम्मे १०८. कॅम बनविणाऱ्याच्या कागदावर १०६ लिहिले असेल, तर कॅमशाफ्ट दोन अंश मागे पडला आहे. हा फरक सरकत्या किल्लीने किंवा लांबट भोकांच्या चक्राने भरून काढतात.

याहून महत्त्वाची परीक्षा पुढेच आहे. हेड घासल्याने झडपा दट्ट्याच्या जवळ आल्या आणि नवा कॅम त्यांना अधिक खोल उघडतो. दोहोंची गाठ पडली तर पहिल्याच फेऱ्यात झडप वाकते. म्हणून दट्ट्याच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातली मऊ माती थापून, हेड बसवून, इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावे. मग हेड काढून मातीवरचा ठसा कापून मोजावा. प्रवेश-झडपेखाली निदान दोन आणि निर्गम-झडपेखाली अडीच मिलिमीटर माती उरली पाहिजे. हे करण्यास एक दुपार जाते. ती वाचविणाऱ्याचा महिना जातो.

आता पेट्रोल. भारतात साध्या पेट्रोलचा अंक नियमाने किमान ९१ ठरविलेला होता, वरच्या प्रतीचा ९५. २०२० च्या डिसेंबरापासून काही शहरांत १०० अंकाचेही मिळू लागले. २०२५ पर्यंत देशातील बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले आणि सरकारी माहितीप्रमाणे त्याचा अंक ९५ च्या आसपास आहे. मिजलींनी बाजूला सारलेले अल्कोहोल शतकानंतर उसाच्या मळीतून आणि धान्यातून परत आले आहे. फेरफार केलेल्या जुन्या इंजिनाला त्याचा अंक उपकारक आहे. पण त्याच्या अटीही आहेत. इथेनॉलमध्ये उष्णता कमी, त्यामुळे दर लिटरामागे सुमारे सात टक्के शक्ती घटते आणि कार्बोरेटरचा जेट मोठा करावा लागतो. नाहीतर मिश्रण पातळ होऊन तापते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि पडदे इथेनॉलने फुगतात व फाटतात. ते बदलून घ्यावेत, कारण फाटलेल्या नळीतून गळणारे पेट्रोल गरम इंजिनावर पडते. शिशाच्या काळातील इंजिनात झडपांच्या बैठका मऊ बिडाच्या असत आणि शिसेच त्यांचे वंगण होते. तेथे कठीण पोलादी बैठका बसविणे इष्ट.

कोणते पेट्रोल घालावे याचा निर्णय शेवटी कानाने करावयाचा असतो. इंजिन चांगले तापल्यावर ओळखीच्या चढावर, वरच्या गिअरमध्ये, कमी वेगाने जाऊन ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. आवाज नसेल तर आहे तेच पेट्रोल पुरेसे. त्याहून महाग घेण्यात लाभ नाही. पुसट आवाज आला, तर ठिणगीची वेळ दोन अंश मागे घेऊन पुन्हा पाहावे. तरीही राहिला, तर वरचा अंक घ्यावा. तोही पुरला नाही, तर जाणावे की चूक पेट्रोलची नसून हेडची किंवा कॅमची आहे. बाटलीतले औषध टाकून ती झाकू नये. प्लग काढून त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर चंदेरी ठिपके दिसले, तर ते दट्ट्याचे वितळलेले ॲल्युमिनियम समजावे आणि गाडी तेथेच उभी करावी. आणि नेहमीच्या चढावर आजवर कधी न आलेला आवाज एके दिवशी अचानक आला, तर रॉकेलची भेसळ आठवावी. रॉकेलचा थोडासा अंशही पेट्रोलची सहनशक्ती खाली आणतो.

कायद्याचेही स्मरण असावे. मोटर वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाहून गाडी वेगळी ठरेल असा बदल मालकाला आपल्या मनाने करता येत नाही आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हेच निक्षून सांगितले. शर्यतीचे इंजिन शर्यतीच्या मैदानावर शोभते. त्यासाठी कोइमतूर आणि चेन्नईजवळ खास धावपट्ट्या आहेत. सार्वजनिक रस्ता हा सर्वांचा आहे. तेथे एकाची हौस दुसऱ्याच्या जिवावर बेतता कामा नये.

मिजलींचा दोष असा नव्हता की त्यांनी शक्ती वाढवू पाहिली. दोष असा की, खुळखुळाट बंद करणारा सर्वांत स्वस्त मार्ग त्यांनी पत्करला आणि त्याची किंमत कोणी भरावयाची, हा प्रश्न इतरांवर सोडला. ती किंमत पेट्रोल विकणाऱ्याने भरली नाही. रस्त्यालगतच्या मुलांनी भरली. आपल्या आवारात गाडीचे हेड उघडून बसलेल्या तरुणाचा व्यवहार एवढा मोठा नाही. पण त्याचा नियम तोच आहे. साडेतीन टक्के शक्तीसाठी काय गहाण पडते, हे आधी मोजावे. अंशांची तबकडी, मातीचा ठसा, कागदावरचा हिशेब या मोजण्याच्याच रीती आहेत. ज्याने त्या पाळल्या, त्याची जुनी फियाट आंबोलीचा घाट भरल्या गाडीने चढून जाईल आणि बाजूला बसलेल्या म्हाताऱ्या वडिलांना इंजिनाचा आवाज विचारावासाही वाटणार नाही.